गोन्ता नावाचा बटाटा

"हिरवा पडलेला बटाटा लेकराला देऊ नकोस, विष असतं त्यात," असं आमच्या भाजीवालीने एकदा बजावलं होतं. मी कॉलेज शिकलेली. हसून सोडून दिलं. काल इथे जपानात, सापोरोत, मुलांच्या दवाखान्यात माझ्यामागे एक सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर तिचा छोटा मुलगा सोता उलट्या करून गळून पडला होता.

"सूनबाई, फॉर्मवर सर्दी का लिहिलीस?"

"सर्दीच आहे, आई."

"आणि तो गोन्ता बटाटा?"

"तो शैक्षणिक उपक्रम होता. बटाट्यावर पेनाने डोळे रंगवायचे, नाव ठेवायचं, खिडकीत सांभाळायचं. मुलांना माया लागते."

"तीन आठवडे उन्हात होता. हिरवागार झालेला."

"बदलाचं निरीक्षण होतं ते."

"मग खायला का घातलास?"

"अन्न टाकायचं नाही, हे कोण शिकवणार? सालीसकट खाल्ला त्याने, हात जोडून."

"रडत खाल्ला. माझा मित्र आहे म्हणत होता."

"त्याचाच व्हिडिओ मी टाकला, सगळ्यांना आवडला."

"मग डॉक्टरांनाही दाखव."

"आई, हळू बोला. त्याच्या बालवाडीतल्या मुलांच्या आया बसल्यात समोर."

"बसू देत. पेन दे इकडे."

तुमच्या शेजाऱ्यांच्या खिडकीत डोळे रंगवलेला हिरवा बटाटा दिसला, तर आजच दार वाजवा आणि आतलं मूल कसं आहे ते बघून या.