मौन, वाटाणे आणि एक ओळ

...आणि मी बोलायचं कसं, तुम्हीच सांगा ना! माझं मौन होतं. लेकीची नोकरी कायम होईपर्यंत सकाळी उठल्यापासून जेवणाची ताटं मांडेपर्यंत तोंडातून अक्षर काढणार नाही, असं देवाला कबूल केलेलं. आणि ही बया लॅपटॉप मांडते तो माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर. समोर मी वाटाणे सोलत बसते, मग दिसायचं ते दिसतंच. तुम्हाला सांगते, ते पर्ल का काय, कॉम्प्युटरची भाषा असते ना, त्यात लोक पानंच्या पानं खरडतात म्हणे, पण आमची लेक काळ्या खिडकीत एवढीशी ओळ लिहिते, एंटर दाबते, आणि हजारो गिऱ्हाइकांचे पत्ते पोळीच्या चवडीसारखे नीट लागतात. एका ओळीत, बरं का.

लिहिताना पुटपुटते, ते मात्र माझ्यावर गेलंय. "डॅश आय दिलं की मूळ फाईलच बदलते, म्हणून त्याला चिकटून डॉट बॅक, म्हणजे जुनी प्रत शेजारी राहते." रोज ऐकून मला पाठ. जप करताना मध्येच डॉट बॅक येतं हो... देव समजून घेतो.

तर आज सकाळी हिचे साहेब फोनवर, स्पीकर चालू. "फोन नंबरांतले डॅश काढायला इतका वेळ?" ही म्हणाली, "एका ओळीचं काम आहे, सर." आणि घाईघाईत लिहिलेल्या ओळीत डॉट बॅक कुठाय? नाहीच! मी वाटाण्यांचं पातेलं आपटलं. हिचं लक्ष नाही. मग ह्यांच्यासमोर दोन सारख्या शेंगा शेजारी शेजारी ठेवून हिच्याकडे बोट दाखवलं, म्हटलं कळेल. तर हे म्हणतात, "दोनच? तिला पुरायच्या नाहीत." आता ह्या माणसाला काय म्हणावं? तिकडे हिचं बोट एंटरवर... आणि माझ्या तोंडून गेलंच, "अगं, डॉट बॅक लाव आधी."

फोनवरून साहेब म्हणाले, "कोण बोललं?"

"आई, सर."

लावलं. एंटर दाबलं. नंबरांतले डॅश गेले, आणि त्यांच्याबरोबर तारखांतलेही सगळे गेले. साहेबांचा आवाज चिरकला, "मूळ फाईल?" ही शांतपणे म्हणते, "आहे ना सर, शेजारीच." जुनी प्रत परत आणली, आणि माझ्या पोरीनं दुसरी ओळ लिहिली, फक्त फोनच्या रकान्यापुरती. साहेबांच्या देखत, एका ओळीत, बरं का. मी सोललेले वाटाणे सालांत टाकत होते, इतकं ऊर भरून आलं.

आत्ता संध्याकाळी निरोप आला, नोकरी कायम. हे म्हणाले, "बघ, देव तुझ्या बोलण्याचीच वाट बघत होता." असं म्हणू नये हो. मौन मोडलं ते मोडलंच. म्हणून मी सांगून टाकलं, उद्यापासून महिनाभर पुन्हा मौन, आणि आता अख्खा दिवस. तर बापलेकीनं एकमेकांना टाळी दिली. ती टाळी नोकरीची की मौनाची, एवढंच विचारलं हो मी. साधा एका ओळीचा प्रश्न. दोघंही एका सुरात म्हणाली, "उद्या सांगतो."