भरताडाच्या चार ओळी

तुम्ही कधी आधी अंगरखा शिवून मग त्यात बसेल असा माणूस शोधलाय का, साहेब? नाही ना — कोणीच शोधत नाही, पण आमच्या ह्यांचं काम तसंच आहे, मघापासून मी तेच सांगतेय. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या — इथे, खिडकीशी, जिन्याकडे पाठ करून बसलात तर उजेड चांगला येईल. मी जरा मोठ्यानं बोलते, त्याचं मनावर घेऊ नका, आईला कमी ऐकू यायचं, तेव्हापासूनची सवय आहे. अख्ख्या गल्लीला ऐकू जातं, हे म्हणतात, ओर्सोला, तू नाटकात असतीस तर शेवटच्या रांगेतल्यांनी तिकिटं काढलीच नसती, घरूनच ऐकलं असतं. कॉफी ठेवू? नको म्हणता? बरं. पण ह्यांच्या पत्राचा तो कागद तेवढा टेबलावर ठेवा ना.

तर हे ऑपेराचे शब्द लिहितात. सूर ह्यांचे नाहीत, सूर पादुआच्या मायेस्त्रो पावानेल्लोंचे. लोकांना वाटतं आधी कवी लिहितो आणि मग गाणं होतं — तसं कधी कधी होतं, मायेस्त्रो तरुण असला तर. पावानेल्लोंना आधी चाल सुचते. ते नुसते सूर पाठवतात, एक शब्द नाही, आणि खाली लिहितात, ‘ओराझिओ, यात काहीतरी घाल.’ मग हे काय करतात? खरी कविता लगेच सुचत नाही, साहेब, माणूस आहे. पण चाल विसरायला नको, जोर कुठे पडतो ते विसरायला नको, म्हणून त्या सुरांवर तोंडाला येईल ते भरून ठेवतात. वाट्टेल ते. त्याला आम्ही घरात भरताड म्हणतो. ते भरताड पादुआला पाठवायचं, मायेस्त्रो गाऊन बघतात, बसतंय म्हणतात, मग हे सावकाश एकेक शब्द काढून तिथे ‘हाय प्रिये’ आणि ‘क्रूर नियती’ घालतात. तेवढंच. टपालातून तुम्ही उघडलंत ते पत्र म्हणजे तेवढंच. कट नाही, साहेब. कटासाठी त्यांना वेळ कुठे आहे, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफनला, पहिला प्रयोग आहे आणि तिसऱ्या अंकात नायिका कशानं मरते ते अजून ठरलेलं नाही.

आणि काल तुमची माणसं तालमीतच आली. हे नायिकेला दाखवत होते कुठे उभं राहायचं — तेही कवीचंच काम, कोणी गायकाला धडक मारू नये हे बघणं — हातात तिचा पंखा होता, तो पंखा हातात तसाच घेऊन गेले म्हणे. एका रात्रीत माणसाचं काय होतं, मला विचारा. किल्ल्यातल्या तुरुंगात पाठवणार असं थिएटरचा दारवान म्हणाला. खरं आहे का? आमच्या शेजारणीचा दीर गेला होता किल्ल्यात, त्याचे कपडे तेवढे परत आले, तेही धुऊन. मी कपड्यांचं नाही विचारत. मी विचारते, आज तुम्ही इथून गेल्यावर लिहिणार काय? तुमच्या लिहिण्यावर आहे ना सगळं?

हो, वाचते ना. मीच वाचून दाखवते, म्हणजे तुम्हाला कळेल किती साधं आहे.

पाव तीन, कांदे चार,
सातला लावा पाण्याचं दार,
तिसऱ्या पायरीवर नको पाय,
आल्वीझे, खोकतोस काय.

बघा. यात काय आहे? तुमच्या कोणीतरी लाल पेन्सिलीनं कांद्यांखाली रेघ ओढलीय. कांदे म्हणजे कांदेच, साहेब, मासे तळून कांद्यात आणि व्हिनेगरमध्ये मुरवत ठेवायचे होते, मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगत होते बाजारातून काय आणायचं ते, आणि हे आत पियानोपाशी बसले होते. कानावर पडलं ते भरलं. आणि हे जे लिहिलंय तुमच्या माणसानं बाजूला — ‘चारही ओळींचा शेवट एकसारखा, संकेत असावा’ — अहो, तो संकेत नाही, तो आमच्या नायकाचा गळा आहे. त्याला वरचा सूर फक्त ‘आ’वर लागतो. ‘ई’ आली की चिमटीत धरलेल्या कोंबडीसारखा ओरडतो, गेल्या मोसमात लोक हसले, तेव्हापासून ह्यांना सक्त ताकीद आहे, कडव्याच्या शेवटी तोंड उघडं पाहिजे. चार, दार, पाय, काय. सगळी आ वासलेली. हे तुम्ही कुठल्याही गवयाला विचारा.

तुमच्याच कचेरीनं नाटकं तपासताना आम्हाला काय काय करायला लावलं आणि ह्यांनी किती मुकाट्यानं केलं ते आठवा ना जरा. परवाच्या ऑपेरात बंड होतं स्वित्झर्लंडात — कचेरी म्हणाली, फार जवळ आहे, लांब न्या. नेलं पेरूत. गवळ्यांच्या पोशाखावर पिसं लावली, मी स्वतः शिवलीत ती, दोनशे पिसं. ‘देश’ शब्द चालणार नाही म्हणालात, ह्यांनी तिथे ‘घरटं’ घातलं. साठ माणसं भाले उगारून ‘घरट्यासाठी मरू’ म्हणत होती. हे काही बोलले? नाही बोलले. घरी येऊन झोपले. असा माणूस कट करतो?

तीन पाव? तीनच लिहिलेत, हो. आम्ही दोघंच — हो, मूलबाळ नाही, तुम्हाला माहीतच आहे, तुमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं. तीन म्हणजे — एक ह्यांना, एक मला, आणि एक — हे फार खातात. लिहिणाऱ्या माणसाला भूक लागते. दिसायला बारीक आहेत, पण खातात. आणि ‘दोन’ शब्द घातला असता तर चालीत जोर भलतीकडे पडला असता, म्हणजे पाव दोनच असतात पण — नाही, असतात तीनच, बेकरीवाल्याला विचारलंत तर तो तीनच म्हणेल. तुम्ही विचारलंय का त्याला? बरं. मी आपलं विचारलं.

आणि पाण्याकडच्या दाराचं तर कोणीही सांगेल. भरती आली की कालव्याचं पाणी उंबरा ओलांडून आत येतं, पीठ भिजतं, म्हणून सातला दार लावायचं. रोज सातला भरती — म्हणजे रोज नाही. हो, भरती रोज पुढे सरकते, तुम्हीही याच शहरातले, तुम्हाला काय सांगायचं. त्या दिवशी सातला होती. बहुतेक. मी आजकाल फार गोंधळते, साहेब, कालपासून पोटात अन्न नाही. तिसरी पायरी वाजते, एवढंच. लाकूड कुजलंय. पाय पडला की असा आवाज होतो, आणि मग वर — वर कबुतरं आहेत, ती उडतात. माळ्यावर. कुलूप आहे. किल्ली ह्यांच्याकडे असते, आणि हे तुमच्याकडे आहेत.

आल्वीझे आमचा बोका. हसू नका. बोकेसुद्धा खोकतात, केस अडकले घशात की. आत्ता नाही इथे, बाहेर गेला असेल, हिंडतो फार. माणसाचं नाव बोक्याला ठेवू नये म्हणतात, पण ठेवलं. आणि नाव घातलं ते काही कोणाला निरोप म्हणून नाही, ते चालीसाठी, हे मला तुम्हाला नीट सांगू दे, यातच सगळं आहे. त्या ठिकाणी तीन अक्षरांचं नाव हवं होतं आणि जोर मधल्या अक्षरावर. आल्‑वी‑झे. म्हणून बघा. असं झोक्यासारखं मध्ये वर जातं. आधी हे माझंच नाव घालून बघत होते — ओर्सोला, ओर्सोला — पण माझ्यात जोर पहिल्यावर येतो, सूर लंगडतो. दहा वेळा वाजवलं त्यांनी. मग एकदम हसले आणि म्हणाले, ओर्सोला, तुझ्यापेक्षा तुझा भाऊच सुरात बसतो —

भावाच्या नावाचा बोका. तसं म्हणाले ते. बोक्याला भावाचंच नाव दिलंय ना मी, भाऊ वारला म्हणून, आठवण. वारला म्हणजे — तुमच्या कागदावर तो बंडानंतर सरहद्दीपलीकडे तुरीनला पळाला असं असेल, तेही खरंच आहे, पळाला आणि तिकडे वारला. लहानपणापासून छाती दुबळी. थंडीत तर त्याला — तिकडे फार थंडी असते म्हणतात. मला पत्र आलं होतं. कुठे ठेवलं मी ते. नाही, शोधत नाही, राहू दे, तुम्ही बसा. तुम्ही जिन्याकडे का बघता? मी सांगितलं ना, कबुतरं.

साहेब, मी जास्त शिकलेली नाही. पण बावीस वर्षं मी ह्यांचे कागद सुवाच्य उतरवून दिलेत, दोन प्रती, एक थिएटरला, एक तुमच्या कचेरीला, एक काना इकडचा तिकडे नाही. मला विचाराल तर ह्यांच्या कवितेत खोटं पुष्कळ असतं. विष पिऊन बाई दहा मिनिटं गाते, ते खोटंच. पण भरताडात खोटं नसतं. भरताडाला त्यांना डोकं लावायलाच नको असतं, म्हणून घरात जे असतं तेच येतं, जसंच्या तसं. मी शपथेवर सांगते, हवं तर क्रूसावर हात ठेवते — त्या चार ओळींत एक शब्द सांकेतिक नाही. पाव म्हणजे पाव, पायरी म्हणजे पायरी. जे लिहिलंय ते तसंच आहे या घरात. हे तुम्ही लिहा. एवढं लिहिलंत तर त्यांना धरून ठेवायला कारणच उरत नाही ना?

उरत नाही? असं तुम्ही म्हणताय? तोंडानं म्हणा ना एकदा, नुसती मान नका हलवू. उद्या सोडतील? देव तुमचं भलं करो, साहेब. मला वाटलं होतं, मी धड बोलू शकणार नाही. ही तुमची टोपी. जपून जा, उंबरा ओला आहे. आणि इतक्या हळू का चालता, आवाज झाला तर चालेल, इथे कोणी झोपलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ह्यांना सोडलं, आणि माझ्या भावाला माळ्यावरून खाली आणून होडीत बसवून घेऊन गेले.