पोरीच्या डोक्यातली सूज

मी मूळचा साताऱ्याकडचा, जावळीचा. मिसरूड फुटायच्या आत चुलत्यानं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात आणून हमालांच्या टोळीत घातलं, तवापास्नं गोणी उचलतोय, राहायला कोपरखैरण्यात. काय सांगू तुमाला, पहिल्या दिवशी खांदा असा सुजला की हात वर हुईना. मुकादमाला म्हनलो उद्या सुट्टी द्या, तर तो हसला आन दुसऱ्या दिवशी त्याच खांद्यावर गोणी टाकली, मी रडत चाललो आन पाठीमागनं सगळी टोळी हसत व्हती. आठ दिवसांत सूज उतरली, घट्टा पडला, मग काय वाटंना. आमच्यात असंच असतं, सुजलेला खांदा बसवून ठेवायचा न्हाय, बसवला की माणूस कामातनं गेला. पुढं मी पण कैक नवीन पोरांच्या खांद्यावर अशाच गोण्या टाकल्या, आन हसलो पण.

आता पोरीचं सांगतो. सायली, एकुलती एक, बारावीला व्हती. बडबडी एवढी की तिची आई म्हनायची, जरा तोंडाला कुलूप लाव. तर तिला ताप आला, सांधे सुजले, ताप गेला आन पोरगी बदलली. आंघोळ न्हाय, कॉलेज न्हाय, भिंतीकडं तोंड करून पडायची, आईनं ताट दिलं की म्हनायची यात कायतरी घातलंय. मला वाटलं थेरं हायत, मोबाईल काढून घेतला. शेवटी वाशीला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं, मला समोर बसवून सांगितलं, काका, हिच्या अंगात सूज आहे, काही मुलांमध्ये अशा सुजेचा परिणाम मेंदूवर होतो आणि मनही आजारी पडतं, सगळ्यांचं तसं नसतं पण हिचं तसं दिसतंय, ती नाटक करत नाही, आराम द्या, गोळ्या चुकवू नका.

बाकीचं मला कळलं न्हाय, सूज तेवढं कळलं. आन सुजेचं मला कोण शिकवणार हो?

गोळ्यांनी ती दिवसभर झोपायची. मी तिच्या आईला म्हनलो, अशी झोपवून ठेवली तर कायमची बसंल. पाकीट माळ्यावर फेकलं आन सकाळी दंडाला धरून पोरीला मार्केटात नेली, बायांच्यात कांदा निवडायला बसवली. बोटं सुजलेली, मूठ मिटत नव्हती. म्हनाली पप्पा, डोकं आतनं जळतंय, घरी जाऊ? मी म्हनलो जळू दे, आठ दिवसांत घट्टा पडंल. टोळी हसली. मी पण हसलो, साहेब, खोटं कशाला बोलू. एक बाई म्हनाली अवो पोरगी थरथरतीय, तिला म्हनलो तू तुझा कांदा बघ.

वीस दिवस नेली. पुढं पुढं ती गप्प बसायला लागली, रडंना, काय मागंना, मी टोळीत सांगत फिरलो, बघा, उतरली सूज. आन एक दिवस भर गाळ्यात माझ्याकडं बोट करून तिनं त्या बाईला विचारलं, हा माणूस मला रोज इथं का आणतो?

तसंच उचलून दवाखान्यात नेलं. तिच्या आईनं माळ्यावरनं काढून आणलेलं, जवळपास भरलेलं पाकीट डॉक्टरीणबाईंनी उलटसुलट करून बघितलं. वरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हनल्या, हे तेव्हाच दिलं असतं तर फार सोपं होतं, काका.

आता वरीस झालं. रक्तातली सूज उतरलीय, ती मला वळखते, पप्पा म्हनते. पन बडबड गेली. बसवली तिथं बसून राहते. पाणी प्यायचं तरी विचारते, पप्पा, उठू का? मी म्हनतो ऊठ बाळा, विचारू नगंस, तर ग्लास ठेवायला परत विचारते. तिची आई माझ्याशी बोलत न्हाय, ते बरोबरच हाय. डॉक्टरीणबाई म्हनतात हळूहळू सुधारंल. सुधारू दे. देवानं तिला एवढी बरी करावी, की एक दिवस तिनं मला तोंडावर शिव्या घालाव्यात आन न विचारता दार उघडून निघून जावं.