आयतं वाढलं तर कोण राबेल?

पेशींमधलं पॉलिअमाइन नावाचं रसायन वाढवून दाखवलं असतं, तर कॉर्विनला बॅन्फच्या परिषदेत बोलायला मिळणार होतं. ते वाढलं नव्हतं. कॅनडातल्या सास्काटूनच्या बेकरीत, रांगेत त्याच्या मागे उभ्या असलेल्या अनोळखी ग्रेटाला हे लगेच कळलं, कारण तो प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ डोरीनबाईंपाशी कण्हत होता.

"महिनाभर बाहेरून घातलं, डोरीनबाई. अक्षरशः ओतलं! आणि मोजावं तर जितक्यास तितकं."

"पेशी ते स्वतः बनवतात ना रे? तू आयतं वाढल्यावर कशाला राबतील?"

"पण बनवणारं एन्झाइम असतंच की आत."

"होतं. पॉलिअमाइन जास्त झालं की पेशी एक प्रथिन काढते. ते त्या एन्झाइमची मानगूट धरतं आणि थेट मोडीत नेऊन घालतं. वर बाहेरचं आत घ्यायचं दारही लोटून घेतं."

"कृतघ्न लेकाच्या!"

"हिशेबी म्हण. आज काय नेतोयस?"

"बटर टार्टच. आपल्या लॅबच्या सरांना आवडतात. रोज डझनभर नेतो हो, तरी लॅबमधल्या खाऊच्या डब्यात पूर्वीइतकंच दिसतं. पूर्वी सगळेच काही ना काही आणायचे ना?"

"आणायचे."

"मग?"

"मग तू आणायला लागलास."

हसू दाबताना ग्रेटाला मागे खोकल्याची उबळ आली.

"तुम्हीसुद्धा बंद केलंत?"

"सगळ्यांत आधी. सरक पुढे, तुझा नंबर आला. आणि माझी कॉफी सांग, बिनसाखरेची."

बॅन्फ तर हुकलंच होतं. टार्टचे पैसे कॉर्विनने दिले, आणि कॉफीचेही.