नाव, काम, गाव

कॉम्प्युटरला उगाच शिव्या देऊ नका, माझ्या वेळी चूक फोनची होती. आमच्या गगनबावड्याच्या शाळेच्या रौप्यमहोत्सवाच्या पत्रिका जुन्या विद्यार्थ्यांना धाडायच्या होत्या. पत्त्यांची लेबलं मी कोल्हापुरात छापणार आणि यादी टाईप करणार शाळेचा क्लार्क शकील, माझा वर्गमित्र. खरखरत्या फोनवर मी ओरडून सांगितलं, "नाव, कॉमा, गाव! कॉमा विसरलास तर नाव कुठं संपलं ते मशीनला कळणार न्हाय!"

एसटीनं फ्लॉपी आली. कॉमा एकही नाही. 'सखाराम कांबळे गवंडी गगनबावडा', त्याखाली 'सखाराम कांबळे मास्तर गगनबावडा'. मशीननं अख्खी ओळच नाव म्हणून धरली.

परत फोन लावला. "शकील, कॉमा कुठाय?"

"काम व्हय? सगळ्यांचं लिवलंय की! नाव, काम, गाव. तूच सांगितलंस न्हवं?"

आता दुरुस्तीला वेळ कुठला? ओळी तशाच छापल्या. गंमत म्हणजे एकही पत्रिका परत आली नाही. पोस्टमननं दोन्ही सखाराम बरोबर हुडकले.

माझीही पत्रिका घरी पोचली. लेबलावर माझ्या नावापुढं शकीलनं माझं काम लिहिलं होतं: फोनवर वरडणं.