कंपनी कोण चालवतं?

अहो, करखात्याने बोलावलं मला आणि प्रश्न विचारले नवऱ्याला. माझी वायरिंगची कंत्राटं घेणारी कंपनी नुसती कागदावर माझी, चालवतो नवराच, असा त्यांना संशय. आमचे हे तर मांडवीजवळच्या शाळेत संस्कृत शिकवतात.

“मोटाभाई, करजणच्या कामावर माणसं किती?” साहेबांनी ह्यांना विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तिकडे बघू नका. तुम्ही सांगा.”

“मला कसं माहीत असणार? आमच्या घरचा पंखासुद्धा हीच दुरुस्त करते.”

मी खुर्ची पुढे ओढली. “चौदा माणसं. आता पुढचं मला विचारा, साहेब. संध्याकाळपर्यंत बसायची माझी तयारी आहे.”

संध्याकाळपर्यंतच बसवलं. तपास अजून चालू आहे, पण पुढच्या तारखेला त्यांनी मला एकटीलाच बोलावलंय.