धरमसिंग सरांची हलती फळी

आदरणीय अध्यक्ष नानाजी ठोंबरे साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे वेल्डिंगचे निदेशक धरमसिंग राठोड सर, समोर बसलेल्या बिजलीबाई वहिनी आणि आपल्या आयटीआयच्या मुला-मुलींनो,

सर या कार्यक्रमाला तयारच नव्हते. "हार नको, भाषण तं नकोच," म्हणाले. हार आपण टाळला. भाषण माझ्या वाट्याला आलं. शेजारच्या वर्गात मी वीजतंत्री शिकवते, एवढाच माझा अधिकार. वहिनी, तुमची परवानगी आहे असं धरून बोलते.

यवतमाळ जिल्ह्याचा आणि समुद्राचा संबंध काय? आपल्यातल्या कित्येकांनी तो पाहिलाही नाही. सरांचा मुलगा गुलाबसिंग मात्र बोरी अरबहून निघाला तो थेट युरोपातल्या उत्तर समुद्रात पोचला. तिथे भर पाण्यात पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. आधी तळात लोखंडाचा अजस्र खांब ठोकतात, त्यावर मनोरा, मग पाती. गुलाब त्या खांबांवर वेल्डिंग करायचा. सोबतीला राजदीप. दोघेही सरांच्याच हाताखाली शिकलेले. गुलाब फोनवर आईला सांगायचा, "याडी, इथं शिवारच नाही. नुसतं पाणी."

बोटीतून खांबाच्या शिडीवर जावं लागतं. बोट वरखाली होत असते. नेमका क्षण साधून पाय टाकायचा. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी लाट उसळली, बोट घसरली आणि गुलाब बोट नि खांब यांच्यामध्ये सापडला. त्याला वर ओढलं. पण किनाऱ्यापर्यंत तो टिकला नाही.

शवपेटीसोबत राजदीप आला. तेव्हा मी सरांच्या तांड्यावरच होते. कसं झालं, कोणाची चूक, वहिनींनी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पाणी थंडं होतं काय रे?"

"हो मावशी," राजदीप म्हणाला. "लय थंडं."

त्यानंतर सरांनी वर्कशॉपमागे साखळ्यांवर एक लोखंडी फळी टांगली, समोर शिडी उभी केली. पोरं फळी गदागदा हलवायची आणि एकाने त्यावरून शिडीवर जायचं. वहिनी तिथे येऊन ओरडल्या, "आपलं गेलं, आता लोकायचे लेकरं पाठवता काय?"

"म्या नाही म्हटलं तरी थे जातीनच," सर म्हणाले. "निदान पाय टाकणं शिकून जातीन."

बरोबर कोण होतं? मला आजही सांगता येत नाही. त्या फळीवर शिकलेले वैष्णवी आणि देवीलाल आज तिकडेच कामाला आहेत. त्यांच्या घरचा फोन आला की सरांचा चेहरा मला पाहवत नाही. वहिनी तर कित्येक दिवस सरांशी बोलल्या नाहीत.

राजदीप पुन्हा समुद्रावर गेला नाही. मागच्या आठवड्यात तो सरांकडे आला, तेव्हा मीही बसले होते. ते दोघे होते तिथलं काम पुरं झालं, वीज सुरू झाली, असं तिकडून कळल्याचं तो सांगत होता.

"आपल्या गुलाबच्या खांबावरचा पंखा?" सरांनी विचारलं.

"थोही फिरून राह्यला, सर."

सर उठून अंगणात गेले. वहिनी चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बंद पडला तं सांगजो मले."

इथेच थांबते. सर, वहिनी, तुम्ही दोघं आज सोबत आलात, याबद्दल आम्ही सारे तुमचे ऋणी आहोत. अध्यक्षांचे आणि सभागृहाचे आभार. बोलताना दुखऱ्या जागी हात लागला असेल, तर धाकटी बहीण समजून पोटात घाला.